रहाटाआडची बेटं

रहाट थांबला आणि माझी अब्रू गेली. हे वाक्य मी घरात इतक्यांदा म्हटलं आहे की नातवंडांना ते पाठ आहे, पण पुढची गोष्ट मी त्यांना कधी धड सांगितली नाही. विनोदाचा भाग सांगायचा आणि सगळे हसले की चहा ठेवायला उठायचं, असं माझं आजवर चालत आलं. परवा पुण्याहून थोरला नातू आला होता. तो संगणकावरच्या खेळांसाठी खोट्या देशांच्या खोट्या भाषा बनवतो आणि त्याचा त्याला चक्क पगार मिळतो. जेवताना तो मला समजावत होता, की आजी, आधी एक जुनी भाषा करायची, मग तिच्यातले आवाज नियमाने झिजवायचे, डोंगरात एका तऱ्हेने, बेटांवर दुसऱ्या तऱ्हेने, म्हणजे ती भाषा खरी वाटते. मी त्याला आमटी वाढत होते. हे सगळं मी परकर नेसायच्या वयात करून बसले आहे, असं त्याला सांगता आलं असतं. पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या, त्या वयात व्हायच्या तशाच, आणि मी लोणच्याची बरणी आणायचं निमित्त करून आत गेले.

आमचं घर चौलच्या अंगाला, नारळी-पोफळीच्या वाडीत होतं. पुढे रस्ता, मागे वाडी, वाडीच्या टोकाला कुंपण आणि कुंपणापलीकडून कोळीवाड्याची वाट. समुद्र दिसत नसे, पण ऐकू येई. अंगणात सुपारी वाळत घातलेली असायची. तिच्यावर कोणाचा पाय पडला की ती खडखडत घरंगळायची आणि आत्या आतूनच कोण आलं ते ओळखायची. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्न झालं आणि वर्षाच्या आत विधवा होऊन माहेरी आली, ती कायमची. पापड-कुरडया, सुपारी आणि दुसऱ्याच्या चुलीवर नजर ही तिची कामं. आई अबोल, सदा काहीतरी निवडत किंवा वाटत बसलेली. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते गावच्या शाळेत मास्तर होते आणि भगतगिरीवर त्यांचा दात होता. कोणाचं मूल तापलं आणि त्याला भगताकडे नेलं असं कळलं, की अण्णा सायकल काढून त्या घरी जायचे आणि मूल डॉक्टरकडे निघेपर्यंत ओटीवरून हलायचे नाहीत. लोक त्यांना मान देत आणि थोडे टाळतही.

आमची सकाळ उजाडायची ती सीताच्या हाकेने. सीता कोळीवाड्यातली. डोक्यावर पाटी घेऊन ती मागल्या दाराशी यायची आणि "मावरं घ्या गो, मावरं" म्हणत पायरीवर बसायची. आई बोंबील उलटेसुलटे करून बघायची, भावावरून दोघींचं रोजचंच व्हायचं, आणि उठताना सीता एक मासा जास्तीचा टाकून म्हणायची, "ह्यो बायचा." मी बाजूला तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी घेऊन बसलेली असे. मला तिचं बोलणं ऐकायला फार आवडायचं. तिची गाडी चुकली की ती म्हणे, "गारी चुकली, म्हनून येल झाला." झाडाला ती झार म्हणायची, कावळ्याला कावला. मी भाकरी चावता चावता ते शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत असे आणि आईच्या कानावर पडले की हातावर चापट बसे. "मास्तरांची मुलगी आहेस, तसं बोलायचं नाही." मी बोलायची थांबले. पण तोंडात आलेली चव काही लगेच जात नाही, तसे ते आवाज आत राहिले. ते कुठे राहिले हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

वाडीच्या मध्यावर विहीर आणि विहिरीवर रहाट होता. लाकडी चाकावरून गाडग्यांची माळ विहिरीत उतरायची, भरून वर यायची, पन्हळीत पाणी ओतायची, आणि ते पाणी पाटाने एकेका झाडाच्या आळ्यात जायचं. राजा नावाचा आमचा रेडा डोळ्यांना झापडं लावून गोल फिरायचा. शाळेतून आल्यावर त्याच्या मागे बसून त्याला चालतं ठेवायचं काम माझं. रहाटाची करकर एवढी मोठी की शेजारी बसलेल्याचं बोलणंही ऐकू येऊ नये. बाकीची पोरं त्या कामाला कंटाळायची. मला मात्र त्या करकरीच्या आत एक खोलीच मिळाली होती. तिथे मी काय वाटेल ते मोठ्याने बोलत असे.

तिथेच माझी बेटं झाली. चार होती, उत्तरेकडून दक्षिणेकडे ओळीने, आणि विहिरीच्या कठड्यावर मी ती कोळशाने काढली होती. पहिलं थोरलं बेट. तिथे डोंगर, किल्ला आणि राणी. माणसं सावकाश बोलणारी, एकेक अक्षर दाबून उच्चारणारी. तिथे होडीला साडूम म्हणत. दुसऱ्या बेटावर लोक घाईत असत, त्यांची जीभ ड पर्यंत पोचेपर्यंत निसटायची, म्हणून ते सारूम म्हणत. तिसऱ्या बेटावर वारा फार. त्या वाऱ्यात स तोंडात टिकायचा नाही, त्याचा ह व्हायचा, आणि होडी झाली हारूम. शेवटच्या बेटावर तर वारा इतका की तो ह सुद्धा उडून जायचा आणि शेवटचा म कोणाला ऐकूच यायचा नाही. तिथे नुसतं आरू. असे शेकडो शब्द होते, आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेताना मी कधी नियम मोडत नसे. एखादा शब्द नियमाने वाकडा निघाला तरी तसाच ठेवायची. थोरल्या बेटावरची राणी शेवटच्या बेटावरच्या माणसांना अडाणी समजायची. हेही मीच ठरवलं होतं, आणि ठरवताना मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. बोलायला दुसरं कोणी नसल्यामुळे सगळ्यांचं बोलणं मीच बोलत असे, राणीचं खर्जात आणि शेवटच्या बेटावरच्या बाईचं चिरक्या आवाजात.

तर त्या दिवशी राणी आणि ती बाई यांचं एका होडीवरून कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. मी केस सोडून, डोळे मिटून, अंग घुसळत दोन्ही बाजू लढवत होते. ध्यानीमनी नसताना गाडग्यांची माळ तुटली, राजा थांबला, करकर बंद पडली, आणि माझा आवाज सगळ्या वाडीभर उघडा पडला. डोळे उघडले तेव्हा कुंपणापाशी आत्या उभी होती आणि तिच्याबरोबर शेजारच्या दोन बायका. तिघींचे हात जोडलेले होते.

आमच्याकडे अंगात येणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. कोळीवाड्यात, आगरात, इकडे वाडीवाल्यांतही, जत्रेला दोन-चार बायका घुमायच्याच, आणि आवाज बदलला की ती बाई राहिली नाही, देवी बोलते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी तर एका दमात दोन आवाजांत, कोणाला न कळणाऱ्या भाषेत बोलत होते. मी तिथल्या तिथे सांगितलं, "आत्या, खेळ आहे तो. बेटांचा." शेजारीण आत्याला हळूच म्हणाली, "तिला स्वतःला आठवत नसतं गं." मी नाही म्हणावं तितकी त्यांची खात्री वाढत गेली.

मी घरी आलेली आणि अण्णा अजून शाळेतच, अशा वेळी बायका मागल्या दाराने यायला लागल्या. कोणाला सून नांदवून घ्यायची होती, कोणाची म्हैस आटली होती. येताना नारळ आणायच्या. वाडीत आमच्या नारळांचा ढीग पडलेला, आणि लोक आम्हालाच नारळ आणून वाहतायत. आई तो नारळ हातात घेऊन नुसती उभी राहायची. आत्याचं मात्र सोनं झालं. ज्या बायका हळदीकुंकवाला तिला वगळून पुढे जायच्या, त्या आता तिला विचारून पायरी चढत होत्या. मी रहाटाकडे जायचं सोडलं, घरात मुक्यासारखी वावरायला लागले, तर त्यालाही मौन म्हणू लागले. माझ्या आईएवढ्या बाया माझ्या पायांकडे हात न्यायच्या तेव्हा मी पाय परकरात ओढून घ्यायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चोरी न करता चोर ठरलेल्या माणसाची एक लाज असते. ही तिच्या उलट होती, फुकटच्या मानाची, आणि हिच्यावर माझ्याकडे काही उपाय नव्हता.

त्यात एक दिवस सीता आली. पाटी न घेता आली. तिचा नवरा पावसाळा संपता संपता एकटाच होडी घेऊन गेला होता. होडी कोर्लईच्या पलीकडे खडकांत सापडली, तो सापडला नाही. गावाने बरेच दिवस वाट पाहिली होती आणि आता तिच्या सासरच्या माणसांनी बोलायला सुरुवात केली होती. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. रोज मला जास्तीचा मासा देणारी सीता, आणि आज तिने मला पाटावर बसवलं होतं.

"बाय," ती म्हणाली, "होरी मिलली, दादला न्हाय मिलला. सासरा सांगतो बांगऱ्या फोर. मी कशी फोरू? त्यो हाय का न्हाय, येवरंच सांग."

मी रडायलाच लागले. "सीता, मला खरंच काही येत नाही गं. मी देवी नाही. खेळत होते."

ती माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात आत्या मध्ये पडली. "देवीने अजून सांगितलेलं नाही," ती ठाम आवाजात म्हणाली. "सांगेल तेव्हा सांगेल. तोवर बांगड्यांना कोणी हात लावायचा नाही, हे जाऊन सांग तुझ्या सासऱ्याला. मास्तरांच्या घरून निरोप आहे म्हणावं." सीता उठली, हिरव्या बांगड्या सावरल्या आणि गेली. मला आत्याचा संताप आला. खोटं ते खोटं, वर त्यात अण्णांचं नाव.

अण्णांना हे कळायला इतके दिवस कसे लागले याचं मला आजही नवल वाटतं. अख्ख्या गावाला ठाऊक आणि मास्तरांना पत्ता नाही. शेवटी कळलं ते भगताच्याच तोंडून. त्याने म्हणे पारावर सगळ्यांच्या देखत अण्णांना हात जोडले आणि म्हणाला, "मास्तर, आता तुमी-आमी एका धंद्यातले." अण्णा सायकल हातात धरून चालत घरी आले. मला वाटलं मार बसेल. त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "काय बोलत होतीस ते मला सांग." मी सांगितलं. सुरुवातीला अडखळत आणि मग, कोणीतरी पहिल्यांदाच विचारलं म्हणून, सगळंच. साडूम, सारूम, हारूम, आरू. अण्णा ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. "म्हणजे प्रत्येक शब्दाला हाच नियम?" ते म्हणाले. त्यांनी आणखी दोन शब्द दिले, मी ते चारही बेटांवरून नेऊन दाखवले. ते चक्क हसले, माझ्या डोक्यावर टप्पल मारली. तो माझ्या लहानपणीचा सर्वांत आनंदाचा क्षण असावा. पण अण्णा मास्तर होते. धडा समजला की तो वर्गाला शिकवायचा एवढंच त्यांना माहीत. ते म्हणाले, "हे तू जसंच्या तसं सगळ्यांसमोर सांगायचं. रविवारी, मारुतीच्या देवळात. झाकली मूठ नको. माणसं शहाणी असतात, समजावून सांगितलं की त्यांना समजतं."

शाळेतला फळा दोघांनी उचलून सभामंडपात आणून ठेवला होता. वाडीवाले एका अंगाला, कोळीवाडा दुसऱ्या अंगाला, मागे बायका. सीताही होती. मी वेणी घालून, स्वच्छ परकर नेसून फळ्यापाशी उभी राहिले आणि बेटं काढली. शब्द लिहिले. कोणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना. "मराठीतलं उदाहरण दे," अण्णा म्हणाले. "म्हणजे कळेल." मला अण्णांना खूश करायचं होतं. मी म्हटलं, "समजा आपण होडी म्हणतो. तर थोरल्या बेटावर होडीच म्हणतील. पण खालच्या बेटांवरची माणसं अडाणी, त्यांना नीट बोलता येत नाही, ती होरी म्हणतील. गाडीला गारी म्हणतील."

वाडीवाल्यांची पोरं फिदीफिदी हसली. कोळीवाड्याच्या बाजूला कोणी हललं नाही. मी तोंडातून गेलेला शब्द स्वतःच ऐकला, आणि तो कोणाच्या आवाजात ऐकला हेही मला कळलं. मागल्या दाराची पायरी, पाटी, जवळ्याची चटणी. मला वाटत होतं तो नियम मी केला. धर्मा नाखवा उठला. त्याच्या स्वतःच्या दोन होड्या होत्या आणि कोळीवाड्यात त्याचा शब्द चालायचा. त्याने आवाज चढवला नाही.

"मास्तर," तो म्हणाला, "ह्ये तं आमचंच बोलनं हाय. तुमच्या बेटावरची अडानी मान्सं म्हंजे आमी का?"

अण्णांनी फळ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. इतकी वर्षं ज्या ओट्यांवर ते हटून बसले होते त्यांतले निम्मे ओटे समोर बसले होते. अण्णांनी हात जोडले. ते म्हणाले, "चूक झाली. माझ्या घरात हे शिकवलेलं नाही." पण शिकवलेलं होतं. आईच्या चापटीने शिकवलेलं होतं आणि अण्णांच्या देखत. हे त्यांना आठवलं का ते मला माहीत नाही. मी वडिलांना कोणापुढे हात जोडताना पाहिलं ते तेवढंच, आणि ते माझ्यापायी.

"पोर हाय," नाखवा म्हणाला. "आमी मनात ठेवत न्हाय. पन येक बरं झालं, देवी न्हाय ते समद्यांनी ऐकलं." आणि तो सीताच्या सासऱ्याकडे वळून म्हणाला, "आता वाट बघायचं कारन न्हाय." मी फळ्यापाशीच होते, तिथून मला सीता दिसत होती. ती खाली मान घालून आपल्या मनगटांकडे बघत होती.

त्या संध्याकाळी आत्या चुलीपाशी बसली होती. अण्णा म्हणाले, "अक्का, तू तरी वेळीच सांगायचंस. तुलाही ते देवीचं खरं वाटलं?" आत्या विस्तव सारत राहिली. मग म्हणाली, "दत्तू, पोर खेळते हे मला पहिल्या दिवशी कळलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे? मजा वाटली म्हणून गप्प बसले, लपवत नाही. पण सीता आली त्या दिवसापासून मजेसाठी नाही बसले. देवी बोलत नाही म्हटलं की तिच्या बांगड्या राहत होत्या, एवढंच होतं माझ्या हातात. माझ्या फोडल्या तेव्हा थांबा म्हणणारं कोणी नव्हतं." आम्ही सगळे जेवलो. वालाचं बिरडं होतं, आणि ते मला अजूनही घशाखाली उतरत नाही. लोकांना मी पित्ताचं कारण सांगते.

इथे एक सांगते. या वयात माणूस जुन्या गोष्टी धुऊन-पुसून घेतो. मी लहान होते, मला माहीत नव्हतं, अण्णांनी उभं केलं, मी तर खरं तेच बोलले. हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं आहे आणि ते खोटंही नाही. पण लाज हिशेब ऐकत नाही. वाण्याच्या दुकानात कोणी सहज "गारी" म्हणालं तरी माझी मान खाली जाते. आमची वाडी आता मुंबईच्या एका कुटुंबाकडे आहे. त्यांनी रहाटाला तेलरंग लावून तो हिरवळीवर मांडला आहे आणि गाडग्यांत फुलझाडं लावली आहेत. एकदा त्यांनी मला चहाला बोलावलं होतं. मी रहाटाकडे पाठ करून बसले.

सीताच्या बांगड्या त्याच आठवड्यात फोडल्या. बरेच दिवस दुसरीच एक बाई मासे घेऊन येत होती. मी पुन्हा रहाटावर बसायला लागले, कारण रेड्याला कोणीतरी हाकायलाच हवं, पण तोंडाने एक अक्षर काढत नव्हते. कठड्यावरची बेटं मी ओल्या फडक्याने पुसली होती. एका दुपारी कुंपणाची काठी सरकली आणि सीता आत आली. कपाळ रिकामं, हात रिकामे. मी राजाला थांबवलं. शिव्या घालायला आली असेल तर बरं होईल, असं मला मनापासून वाटलं.

ती कठड्यावर बसली. "तुजी बेटं कुठं गेली?"

"पुसली."

"मग परत कार," ती म्हणाली. "त्ये शेवटचं कार."

मी कोळसा शोधला आणि शेवटचं बेट काढलं. ते वेडंवाकडं आलं. सीता त्याच्याकडे बघत होती. "तिथं कोन रातं?"

"अडाणी माणसं" असं मी एकदा ठरवलं होतं. आता मी म्हटलं, "वाहत गेलेले लोक. होडी सुटली की माणसं तिथे लागतात. वारा फार असतो, म्हणून परत येता येत नाही. पण राहता येतं."

"खायला मिलतं?"

"मिळतं."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "तिथं नावं बदलतान ना? सांगलंस तू देवलात. मग त्यो तिथं असंल तं त्याला काय म्हनतान?"

मी तिच्या नवऱ्याचं नाव विचारलं आणि विचारता विचारताच कळलं की ते ती सांगणार नाही. आमच्याकडे तेव्हा कोणतीही बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. कोळीवाड्यात तर लग्नातल्या उखाण्यात एकदा घेतलं की संपलं, नवरा गेला तरी नाव घ्यायचं नाही. मला तो सीताचा नवरा एवढाच माहीत होता. "देवाचं हाय," ती म्हणाली. "महादेवाचं." मी एकेक नाव घेत गेले. शंकर? महादू? सदाशिव? सदाशिव म्हणताच तिने पदर तोंडाशी धरला. म्हणजे सदू. मी कठड्यावर बोटाने दाखवत एकेका बेटावरून ते नाव नेलं. थोरल्या बेटावर सदू, दुसऱ्यावरही सदू. तिसऱ्यावर वाऱ्याने स चा ह होतो, हदू. शेवटच्या बेटावर तोही उडून जातो.

"अदू," मी म्हटलं.

सीताचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग तिने विचारलं, "ह्ये त्याचं नाव न्हाय ना?"

"नाही. हे तिथलं नाव."

"मग मी घेतलं तं चालंल."

"चालेल," मी म्हटलं. माझ्या आयुष्यात मी कोणाला दिलेला तो पहिला कौल.

तिने आजूबाजूला पाहिलं. कुंपणापलीकडे वाटेवरून माणसं जात-येत होती, घरात आई आणि आत्या होत्या. ती मला म्हणाली, "बाय, तुजा रहाट चालव." मी राजाच्या पाठीवर थाप मारली. चाक कुरकुरलं, फिरलं, गाडगी वर यायला लागली आणि करकर वाढत वाढत सगळीकडे पसरली. सीता कठड्यावर उभी राहिली, पश्चिमेकडे तोंड केलं, आणि जशी ती सकाळी मासळीची हाक घालायची तशी हाक घातली. मी हाताच्या अंतरावर होते म्हणून मला ऐकू आली. "अदू, घरा ये. अदू रे, जेवाया ये." संसारात तिने त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. एकदा सुरू केल्यावर तिला थांबता येईना. पन्हळीतून पाणी पडत होतं, पाट भरून वाहत होता. आळी भरली आणि पाणी वाटेवर गेलं. मागल्या दारातून आई हात हलवून काहीतरी ओरडत होती, बहुतेक रेडा थांबव म्हणून. मी राजाच्या पाठीवर पुन्हा थाप मारली. त्या दिवशी मी रहाट थांबवला नाही.